भीती वाघाची, धोका ट्रॉलीचा



हॉस्टेलवर कुठलीही ट्रिप दिवसा ठरत नाही. ती ठरते रात्री साडेअकराला, मेसच्या बटाट्याला पुरेशा शिव्या देऊन झाल्यावर, कुणाच्या तरी कॉटवर सहा जण आडवे-उभे बसलेले असताना. आमची चांदोलीची ट्रिप अशीच ठरली. सबमिशन संपले होते, ओरल झाल्या होत्या, डिसेंबरचा शेवटचा आठवडा मोकळा होता. कुणीतरी म्हणाला, "गोवा बास झालं. जंगलात जाऊ, तंबू लावू, शेकोटी करू." झालं! आठ जण तयार.

घरी फोन केला तर आई पहिल्यांदा म्हणाली, "तिथं वाघ आहे का रे?" रेक्टर सरांनी सही करण्याआधी तेच विचारले. मेसच्या मावशींनीही तेच विचारले. त्यांचेही बरोबर आहे म्हणा, आपल्या येडशीच्या रामलिंग घाटात २०२४ च्या डिसेंबरमध्ये वाघाचा फोटो मिळाल्यापासून जिल्ह्यात वाघाशिवाय दुसरा विषय नाही. पण गाडी कोण चालवणार, तो आदल्या रात्री झोपला होता का, पाणी किती नेणार, अंधार किती वाजता पडतो, हे प्रश्न आम्हाला कुणीच विचारले नाहीत. आम्हीही स्वतःला विचारले नाहीत. परत आल्यावर मात्र लक्षात आले, की आमच्या भीतीची यादी आणि धोक्याची यादी या दोन वेगळ्याच याद्या होत्या. एकीत वाघ पहिला होता, दुसरीत शेवटचा! हा लेख त्या दुसऱ्या यादीबद्दल आहे. पुढच्या बॅचला उपयोग व्हावा एवढाच हेतू.

चांदोलीच का?

महाराष्ट्रात राष्ट्रीय उद्याने एकूण सहा आहेत: ताडोबा, नवेगाव, पेंच, गुगामल, बोरिवलीचे संजय गांधी आणि चांदोली. यातले ताडोबा सर्वांत जुने, १९५५ चे. मराठवाड्यात एकही नाही. धाराशिवपासून नकाशावर पट्टी ठेवून मोजले तर सर्वांत जवळचे चांदोलीच येते, आणि डोंगरातले म्हणाल तर सह्याद्रीच्या ऐन माथ्यावरचे.

चांदोली १९८५ मध्ये अभयारण्य झाले आणि २००४ मध्ये राष्ट्रीय उद्यान. क्षेत्रफळ ३१७.६७ चौरस किलोमीटर. सांगली, सातारा, कोल्हापूर आणि रत्नागिरी या चार जिल्ह्यांच्या सीमा इथे एकमेकींत गुंतलेल्या आहेत. चांदोली आणि उत्तरेकडचे कोयना अभयारण्य मिळून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. २०१२ मध्ये पश्चिम घाटाची निवडक ठिकाणे युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेली, त्यात आपल्या महाराष्ट्रातली कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी ही चार आहेत. उद्यानाच्या पोटात वारणा नदीवरचे मातीचे धरण आणि त्याचा वसंतसागर जलाशय आहे. साठवण क्षमता ३४.४० टीएमसी. सिव्हिलवाल्यांनी तेवढ्यासाठी तरी जावे.

एक गोष्ट मात्र विसरू नये. हे जंगल आज रिकामे दिसते, कारण धरणासाठी आणि नंतर उद्यानासाठी इथल्या अनेक गावांनी घरे सोडली. त्यांच्या पुनर्वसनासाठी वर्षानुवर्षे मोर्चे निघाले. आपण "कसली शांतता आहे यार!" म्हणतो, त्या शांततेची किंमत कुणीतरी भरलेली आहे.

रस्ता हाच पर्जन्यमापक

आमचा मार्ग असा होता: धाराशिव, तुळजापूर, सोलापूर, मंगळवेढा, सांगोला, कवठेमहांकाळ, मिरज, सांगली, इस्लामपूर (आता ईश्वरपूर), पेठ नाका, शिराळा, कोकरूड, चरण, आरळा आणि वारणावती. एका बाजूने साधारण पावणेचारशे किलोमीटर.

हा रस्ता दिवसा पार केला तर खिडकीतून भूगोलाचा एक अख्खा धडा दिसतो. आपल्याकडे वर्षाला साधारण सातशे-आठशे मिलिमीटर पाऊस. पश्चिमेकडे जाताना तो वाढायला हवा असे वाटते, पण तो आधी कमी होतो. मंगळवेढ्याची ज्वारी संपून सांगोल्याची डाळिंबे लागतात, तिथे पाऊस पाचशेच्या आसपास येतो. कवठेमहांकाळकडे द्राक्षबागा. मग सांगलीची हळद, वारणेकाठचा ऊस, आणि शिराळ्याच्या पुढे अचानक भातखाचरे! वारणावतीला पाऊस दोन-तीन हजार मिलिमीटरच्या घरात जातो, वरच्या कड्यांवर तर पाच हजारांच्याही पुढे.

कारण आपण बारावीत शिकलो तेच. समुद्रावरची ओली हवा सह्याद्रीला थडकून वर चढते, थंड होते, तिच्यातले बाष्प सुटते आणि घाटमाथ्यावर कोसळते. तीच हवा पूर्वेला खाली उतरताना दाबली जाऊन गरम होते आणि ढग विरतात. हा पर्जन्यछायेचा पट्टा. सांगोला-आटपाडी त्या सावलीच्या गाभ्यात, आणि आपण तिच्या पूर्वेच्या कडेला बालाघाटावर. म्हणजे आपल्याकडच्या दुष्काळाचे एक कारण त्या डोंगरात उभे आहे. आणि गंमत बघा, चांदोलीची वारणा सांगलीजवळ कृष्णेला मिळते, आणि नळदुर्गच्या किल्ल्यात जिचा धबधबा आपण बघायला जातो ती बोरी भीमेतून शेवटी कृष्णेलाच मिळते. शाळेतल्या नकाशात हे कधी लक्षात आले नव्हते.

पण यातले बरेचसे आम्ही येताना पाहिले. जाताना काही दिसले नाही, कारण आम्ही रात्री निघालो होतो.

त्या रात्री

"रात्री रस्ता मोकळा असतो" हे वाक्य प्रत्येक हॉस्टेलवर कुणीतरी म्हणतोच. आम्ही मेसचे जेवण करून साडेदहाला निघालो. गाडी मित्राच्या मामांची, चालवणारा मित्र. त्याच्याकडे लायसन्स होते, हात चांगला होता, पण त्या दिवशी तो पहाटे पाचपासून जागा होता. सोलापूर मागे पडेपर्यंत अंताक्षरी चालली. मंगळवेढ्यानंतर मागचे सगळे घोरू लागले. पुढच्या सीटवर मी होतो, माझे काम त्याच्याशी बोलत राहायचे. सांगोला सोडल्यावर मीही पेंगलो.

ब्रेकचा आवाज आणि कपाळाला बसलेला दणका, एवढेच आठवते. समोर उसाची भिंत होती. अक्षरशः भिंत! ट्रॅक्टरला जोडलेल्या दोन ट्रॉल्या, दोन्ही बाजूंनी रस्त्यावर लोंबणारा ऊस, मागे ना लाल दिवा ना रिफ्लेक्टर. मित्राने स्टिअरिंग डावीकडे घेतले म्हणून गाडी साइडपट्टीवरून चारीत गेली आणि पुढचे चाक अडकून थांबली. कुणाला फार लागले नाही. माझ्या कपाळावर टेंगूळ आले आणि एकाचा चष्मा फुटला.

ट्रॅक्टर पुढे जाऊन थांबला. गाण्याच्या आवाजात त्याला आमचा ब्रेक ऐकूच आला नव्हता, मागच्या ट्रॉलीवरच्या माणसांनी ओरडून थांबवले. हो, मागच्या ट्रॉलीवर माणसे होती. उसाच्या मोळ्यांवर एक बाई पोराला घोंगडीत गुंडाळून बसली होती, शेजारी एक म्हातारा. म्हातारा खाली उतरला, टॉर्च मारून आमचे चेहरे बघितले.

"कुठले रं तुम्ही?"

"धाराशिवचे, बाबा."

"मंग आपलेच की. आम्ही भूमकडचे." मग गाडीकडे बघून म्हणाला, "लेकरांनो, इतकी कसली घाई होती?"

आम्हाला उत्तर सुचले नाही. त्याने आणि ट्रॅक्टरवाल्याने मिळून गाडी बाहेर काढून दिली. पुढच्या पेट्रोल पंपावर आम्ही उजाडेपर्यंत गाडी उभी केली. झोप मात्र कुणालाच आली नाही. आमच्याच जिल्ह्यातले लोक कोयता घेऊन तिकडे जातात, आम्ही तंबू घेऊन निघालो होतो, आणि आमची गाठ अशी पडणार होती.

आता यातले गणित बघा, फर्स्ट इयरचेच आहे. गाडी ताशी ८० ने म्हणजे सेकंदाला २२ मीटर जाते. पेंगुळलेल्या माणसाला धोका दिसून ब्रेकवर पाय जायला २ सेकंद धरा, तेवढ्यात ४४ मीटर संपले. नंतर ब्रेकने गाडी थांबायला, मंदन ५ मीटर प्रति सेकंद वर्ग धरले तर आणखी ४९ मीटर. एकूण ९३ मीटर. हेडलाइट 'लो'वर असताना समोरचे नीट दिसते साधारण ५० मीटरपर्यंत. म्हणजे जे दिसेल त्याच्या आधी थांबणे शक्यच नाही. ताशी ५० ला तेच उत्तर ४७ मीटर येते. थोडक्यात काय, रात्री ५० च्या वर चालवणे म्हणजे डोळे मिटून चालवणे. आणि नोव्हेंबर ते मार्च कारखाने चालू असताना या पट्ट्यात रात्री निघूच नये. पहाटे उठून उजाडता उजाडता निघा, दोन चालवणारे ठेवा, दर दोन तासांनी बदला. पुढच्या सीटवरच्याला झोपायला बंदी!

कागदावरची रेघ

दुसऱ्या दिवशी दुपारी वारणावतीला पोचलो. गाडीच्या टपावर तीन तंबू बांधलेले. वनरक्षक दादांनी ते बघूनच मान हलवली.

"आत मुक्काम न्हाई. तंबू गाडीतच ऱ्हाऊ द्या."

"दादा, पैसे भरतो की आम्ही."

"पैशाचा प्रश्न न्हाई ओ. रात्री जनावर पाण्यावर येतं. तुमचा उजेड बघितला, वास घेतला, की माघारी फिरतं. त्याला दुसरं पाणी कुठं गावायचं? तुमास्नी झोपायला अख्खा महाराष्ट्र हाय."

आम्ही जरा फुगलो. एवढ्या लांबून आलो, आणि हे! पण नंतर विचार केला तर या एका वाक्यात वन्यजीव संरक्षण कायद्याचे सार आहे. १९७२ च्या या कायद्याने अभयारण्य आणि राष्ट्रीय उद्यान अशा दोन पातळ्या केल्या. अभयारण्यात स्थानिकांचे काही हक्क चालू राहू शकतात. राष्ट्रीय उद्यानात नियम अधिक कडक आहेत, तिथे गुरे चारायलाही मनाई आहे. दोन्हीकडे परवानगीशिवाय प्रवेश नाही, हत्यार नेता येत नाही, आणि जंगलाला धोका होईल अशी आग पेटवणे हा गुन्हा आहे. म्हणजे आमच्या प्लॅनमधले 'जंगलात तंबू' आणि 'शेकोटी' हे दोन्ही मुद्दे गेटवरच कटाप!

शेकोटीचे तर खास. डिसेंबरनंतर सड्यांवरचे गवत वाळून कोळ झालेले असते. एक ठिणगी वाऱ्यावर गेली तर विझवायला तिथे अग्निशमन बंब येत नाही. हिरव्या फांद्यांचे झोडपे घेऊन वनमजूर आणि गावकरीच पळतात.

मग राहायचे कुठे? सरळ उत्तर: हद्दीबाहेरच्या गावात. कुणाच्या तरी शेतात, मालकाला विचारून, पोलीस पाटलांच्या कानावर घालून. गाव बफर क्षेत्रात असेल तर वन विभागालाही विचारून. आम्ही तेच केले. एका काकांनी कापणी झालेले भाताचे खाचर दाखवले. म्हणाले, "पावणं, हितं मारा तंबू. पर चूल आमच्या परड्यातच पेटवा." रात्री काकूंनी तांदळाच्या भाकरी आणि कुळथाचे पिठले दिले. आम्ही पैसे पुढे केल्यावर काकूंनी नको म्हटले, तरी आम्ही ठेवून आलो. तुम्हीही ठेवा. पाहुणचार फुकट घ्यायचा नसतो.

तंबूचे शास्त्र

तंबू लावणे सोपे आहे, जागा निवडणे अवघड. चार गोष्टी आम्ही काकांकडून शिकलो.

एक, अगदी तळाला लावू नका. रात्री जमीन थंड होते, तिच्यावरची हवा थंड होऊन जड होते आणि उतारावरून पाण्यासारखी खाली वाहत जाऊन खोलगट भागात साचते. आमचा एक तंबू ओढ्याजवळ होता, दुसरे दोन वीस-पंचवीस फूट वर बांधावर. सकाळी खालचे दोघे कुडकुडत होते, वरचे निवांत. ओढ्याच्या पात्रात तर कधीच नाही, पाऊस वर डोंगरात पडतो आणि लोंढा खाली येतो.

दोन, वाळकी फांदी डोक्यावर असलेल्या झाडाखाली नाही, आणि एकट्या उंच झाडाखालीही नाही. परतीच्या पावसात विजांचा धोका असतो. मराठवाड्यात दरवर्षी माणसे आणि जनावरे विजेने दगावतात, हे आपल्याला सांगायला नको. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजा. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे ३० सेकंद म्हणजे दहा किलोमीटर. त्यापेक्षा कमी असेल तर तंबूत न बसता पक्क्या घरात किंवा गाडीत जा.

तीन, तंबू पूर्ण बंद करू नका. एक माणूस रात्रभरात श्वासावाटे बरेच पाणी बाहेर टाकतो, ते थंड कापडावर जमते आणि पहाटे तोंडावर ठिबकते. आम्हाला वाटले तंबू गळतो!

चार, अंथरूण पांघरुणापेक्षा महत्त्वाचे. जमीन उष्णता खेचून घेते. दोन चादरी वर घेण्यापेक्षा एक खाली टाका. हॉस्टेलची सतरंजी उत्तम.

आतले जंगल

दुसऱ्या दिवशी सकाळी परवानगी काढून, गाइड घेऊन, गाडीने आत गेलो. ठरलेल्या रस्त्यावरूनच, खाली न उतरता. झोळंबीचा सडा पाहिला. सडा म्हणजे डोंगरमाथ्यावरचे जांभ्या दगडाचे सपाट पठार. पावसाळ्यात त्यावर फुलांचा गालिचा असतो, डिसेंबरात नुसते सोनेरी गवत. एका उतारावर गव्यांचा कळप दिसला. पूर्ण वाढलेला नर टनाच्या जवळपास भरतो, पायात पांढरे मोजे घातल्यासारखे. आमच्यातला एक दार उघडून फोटोला उतरू लागला तर गाइडने त्याचा शर्टच धरला. गवा दिसायला शांत, पण एकदा फिरला तर आपण पळून सुटत नाही. शेकरूची घरटी दिसली, भेकराचा आवाज ऐकला. वाघ दिसला नाही. दिसेल अशी अपेक्षाही ठेवू नका. या प्रकल्पात वाघ फार थोडे आहेत, म्हणूनच २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये ताडोब्याहून एक वाघीण इथे आणली गेली.

सड्यावरून माघारी

तिसरा दिवस चालण्याचा होता. उद्यानाच्या हद्दीबाहेरचा एक सडा, गावातला वाटाड्या बरोबर. जाऊन-येऊन १२ किलोमीटर, चढ साधारण ४५० मीटर. वाटाड्याने सातला निघायला सांगितले होते. पोहे, चहा, दुसरा चहा, सेल्फी, असे करत आम्ही निघालो साडेअकराला.

इथे दुसरे गणित. विल्यम नाइस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये एक साधा नियम दिला: सपाटीला ५ किलोमीटरला एक तास, आणि दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. आमच्या वाटेला २ तास २४ मिनिटे अधिक ४५ मिनिटे, म्हणजे सव्वातीन तासांच्या आत. पण हा नियम सराव असलेल्या माणसासाठी आहे. मेसचा बटाटा खाऊन सेमिस्टरभर कॉटवर लोळलेल्यांनी दीडने गुणावे: पावणेपाच तास. जेवण, फोटो, धाप यांचा एक तास धरा. साडेअकराला निघाल्यावर परत यायला सव्वापाच, तेही काही बिघडले नाही तर. त्या आठवड्यात तिकडे सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, आणि दाट झाडीत अंधार त्याआधीच पडतो.

आणि बिघडलेच. आठ जणांत मिळून सात लिटर पाणी होते. चालताना माणशी तासाला अर्धा लिटर लागते, म्हणजे पाच तासांना माणशी अडीच लिटर, आठ जणांना वीस! डिसेंबर असला तरी उघड्या सड्यावर दुपारी दगड तापतो. दोनच्या सुमारास आमचा सर्वांत बडबड्या मित्र गप्प झाला. प्रथम आम्ही चेष्टा केली. मग तो म्हणाला, "डोकं दुखतंय, मळमळतंय," आणि पायात गोळे येऊन खालीच बसला. माथा अजून वीस मिनिटांवर होता. आम्ही दोघे-तिघे म्हणालो, "तो इथे थांबेल, आपण पटकन जाऊन येऊ."

वाटाड्याने ऐकले नाही. "एक बसला म्हंजे सगळे बसले," एवढेच म्हणाला. मित्राला सावलीत आडवे केले, बूट काढले, मानेला ओला रुमाल लावला, आणि उरलेल्या पाण्यात मीठ-साखर घालून घोट घोट पाजले. अर्ध्या तासाने तो उठला आणि आम्ही खाली आलो. सड्याचा माथा आम्ही पाहिलाच नाही. त्या वेळी वाईट वाटले. आज वाटते, त्या ट्रिपमध्ये आम्ही केलेले सर्वांत शहाणपणाचे काम तेच. बडबड थांबणे, चिडचिड, चालताना झोकांड्या, ही उष्म्याची पहिली लक्षणे आहेत. माणूस बरळू लागला किंवा बेशुद्ध झाला तर पाणी पाजत बसू नका, अंग गार करत तातडीने दवाखान्यात न्या.

निघण्यापूर्वीच 'फिरण्याची वेळ' ठरवून ठेवावी. आमच्यासारखी पावणेसहा तासांची वाट असेल तर सकाळी सातला निघून दहा-साडेदहाला, जिथे असाल तिथून मागे फिरायचे. माथा दिसत असला तरी!

बाकीची यादी

आग्या मोहोळ: सह्याद्रीत कड्यांना आणि उंच झाडांना पोळी असतात. अत्तर, डिओ, धूर आणि आरडाओरडा यांनी माश्या उठतात. उठल्या तर अंग झाकून, वाटेने, न थांबता लांब जा.

साप: विषारी चार लक्षात ठेवा: नाग, मण्यार, घोणस, फुरसे. दगडाखाली हात नाही, रात्री टॉर्चशिवाय पाऊल नाही, बूट झटकूनच घालायचे. चावल्यास कापू नका, चोखू नका, करकचून बांधू नका. तो अवयव न हलवता सरळ सरकारी दवाखाना. या चौघांवर चालणारी एकच प्रतिविषाची लस असते, मांत्रिकाकडे गेलेला वेळ परत मिळत नाही.

वजन: पाठीवर स्वतःच्या वजनाच्या पाचव्या भागापेक्षा जास्त नको. ६० किलोच्या माणसाला १२ किलो, त्यात तीन लिटर पाणी म्हणजे तीन किलो आधीच गेले. गिटार खाली ठेवा.

खर्च: जाऊन-येऊन आणि तिथले फिरणे मिळून ९०० किलोमीटर, १२ चे ॲव्हरेज, म्हणजे ७५ लिटर डिझेल. आठ जणांत माणशी साडेनऊ लिटरला थोडे कमी. त्या दिवशीच्या भावाने गुणा. टोल, गाइड, प्रवेश आणि जेवण वेगळे.

वेळ: पावसाळ्यात उद्यान पर्यटकांसाठी बंद असते. आधी वन्यजीव विभागाला फोन करून दिवस आणि परवानगी पक्की करा.

नंबर: १०८ रुग्णवाहिका, ११२ पोलीस, १९२६ वन विभागाची हेल्पलाइन. मोबाइलला रेंज नसेल हे धरूनच चाला. कुठे जातोय आणि किती वाजता परत येणार, हे गावात एकाला आणि हॉस्टेलवर एकाला लिहून द्या.

आणि आपला वाघ

परत येताना दिवसा आलो, सावकाश. येडशीच्या वाघाचा विषय गाडीत निघालाच. तो यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातून आला. सरळ रेषेत मोजले तरी तीनशे किलोमीटरच्या वर, आणि वाघ काही सरळ रेषेत चालत नाही. त्याच टिपेश्वरमधला आणखी एक वाघ २०१९ मध्ये रेडिओ कॉलर घालून तीन हजारांहून जास्त किलोमीटर फिरत बुलढाण्याच्या ज्ञानगंगेपर्यंत गेला होता. येडशीच्या वाघाला पकडून सह्याद्रीत सोडण्याचे प्रयत्न २०२५ मध्ये झाले, पण त्याने वन खात्याला चांगलेच दमवले.

म्हणजे बघा, त्याच्या ट्रिपचा शेवटचा टप्पा आमच्याच मार्गाने चांदोलीला जाणार होता! तो कापसातून, तुरीतून, गावांच्या आणि हायवेंच्या कडेने आला, तोही बहुतेक रात्रीच. त्याने गुरे मारली, शेतकऱ्यांचे नुकसान झाले, त्यांची भीती खरी आहे आणि भरपाई त्यांना वेळेवर मिळायलाच हवी. पण माणसाला टाळत टाळत एवढा पल्ला त्याने गाठला. आपला रामलिंग घाट जेमतेम २२ चौरस किलोमीटरचा. रविवारी तिथे स्पीकर लावून पार्टी करायची सवय आपल्यातल्या बऱ्याच जणांना होती (लेखक धरून). आता तिथे कुणीतरी राहायला आले आहे, त्याच्या घरी जाताना वनरक्षक दादांचे वाक्य आठवावे: तुम्हाला झोपायला अख्खा महाराष्ट्र आहे.

जाता जाता एकच. ट्रिपहून आल्यावर आम्ही आठ जणांनी शंभर-शंभर रुपये काढले आणि लाल रिफ्लेक्टर टेपची रोळे आणली. सांगोल्याची ती ट्रॉली काही पुन्हा सापडणार नाही. पण सुट्टीच्या दिवशी तुळजापूर रस्त्यावर चहाला थांबलेल्या ट्रॉल्यांना आम्ही मागून टेप लावतो. लावायला दोन मिनिटे लागतात, ट्रॅक्टरवाले कधी हसतात, कधी चहा पाजतात. टेप अजून शिल्लक आहे, माझ्या कॉटखाली आहे. ज्यांना यायचे असेल त्यांनी रविवारी सकाळी सांगावे.